ताऱ्यांचे रंग वाचणारा धर्मगुरू : फादर आंजेलो सेक्की

डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत रात्रीचे जेवण आणि रोझरी आटोपल्यावर अंगणात यावे व पूर्वेकडे दृष्टी टाकावी. मृग नक्षत्र तोवर बरेच वर आलेले असते. त्याच्या एका खांद्याशी काक्षी हा तारा आहे आणि तिरकस दिशेला, पायाशी, राजन्य आहे. घाईने पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच पांढरे ठिपके वाटतात. क्षणभर थांबून पाहिले, तर काक्षी निखाऱ्यासारखा तांबूस दिसतो आणि राजन्य निळसर पांढरा. शाळकरी मुलांच्या हाती असते तशा लहानशा दुर्बिणीतून पाहिल्यास हा फरक अधिकच ठळक होतो.

एकाच आकाशातले हे दोन तारे दोन वेगळ्या रंगांचे का? हा प्रश्न लहान मूलही विचारील. परंतु दोनशे वर्षांपूर्वी जगातील कोणत्याही विद्वानाला त्याचे उत्तर देता आले नसते. तारे केवळ दूरचे दिवे होते. ते कोठे आहेत हे मोजता येत होते. ते कशाचे बनले आहेत हे माणसाला कधी कळेल, अशी आशाही फारशी कोणी बाळगत नव्हते. ज्या थोड्या संशोधकांनी ही परिस्थिती बदलली, त्यांत रोममधील एका चर्चच्या छपरावर रात्रीमागून रात्री दुर्बिणीशी बसणाऱ्या एका कॅथलिक धर्मगुरूंचे नाव अग्रभागी आहे. ते म्हणजे येशूसंघाचे फादर आंजेलो सेक्की.

सुताराचा मुलगा

आंजेलो सेक्की यांचा जन्म जून १८१८ मध्ये उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया या गावी झाला. त्यांचे वडील सुतारकाम करीत. घरची परिस्थिती बेताचीच होती. गावात येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती. तेथे या मुलाचे शिक्षण झाले आणि तेथेच त्याला धर्मजीवनाची हाक ऐकू आली. १८३३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी रोममध्ये येशूसंघात प्रवेश केला.

रोममधील येशूसंघाचे महाविद्यालय, अर्थात कोलेजिओ रोमानो, हे त्या काळी गणित आणि विज्ञान यांचे नामवंत केंद्र होते. त्याच्या वेधशाळेचे प्रमुख फादर फ्रान्चेस्को दे व्हीको धूमकेतूंच्या शोधासाठी युरोपभर प्रसिद्ध होते. अशा वातावरणात तरुण सेक्की यांची बुद्धी बहरली. अल्पावधीतच ते गणित व भौतिकशास्त्र शिकवू लागले. १८४१ पासून त्यांनी लोरेतो येथील महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापन केले. १८४४ साली ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी ते रोमला परतले आणि सप्टेंबर १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

खगोलशास्त्र हा तोवर त्यांचा मुख्य विषय नव्हता. भौतिकशास्त्र हेच त्यांचे क्षेत्र होते. परंतु परमेश्वराची योजना कधी कधी संकटाच्या वाटेने पुढे सरकते.

हद्दपारी

१८४८ साली सारा युरोप क्रांतीच्या वणव्यात सापडला. रोममध्येही दंगली उसळल्या आणि येशूसंघीयांना शहर सोडावे लागले. गुरुदीक्षेला जेमतेम सहा महिने झालेले फादर सेक्की परागंदा झाले. आधी त्यांनी इंग्लंडमधील स्टोनीहर्स्ट येथील येशूसंघाच्या महाविद्यालयात आश्रय घेतला आणि त्याच वर्षी ते अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठात पोहोचले.

जॉर्जटाऊन येथे येशूसंघाने नुकतीच वेधशाळा उभारली होती. शेजारच्या वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन नौदलाची वेधशाळा होती. तिचे प्रमुख मॅथ्यू मोरी हे सागर व वारे यांच्या अभ्यासासाठी विख्यात होते. त्यांच्याशी फादर सेक्की यांचा स्नेह जडला. खगोल आणि हवामान या दोन्ही शास्त्रांची गोडी त्यांना या परदेशवासात लागली.

याच काळात एक दुःखद वार्ता आली. फादर दे व्हीको यांना नोव्हेंबर १८४८ मध्ये लंडन येथे मृत्यूने गाठले. त्यांचे वय अवघे त्रेचाळीस होते. रोममधील परिस्थिती निवळल्यावर येशूसंघीय परतले, तेव्हा वेधशाळा पोरकी झाली होती. १८५० साली तिची धुरा फादर सेक्की यांच्या खांद्यावर आली. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते.

चर्चच्या छपरावरील वेधशाळा

जुनी वेधशाळा एका मनोऱ्यावर होती. मनोरा वाऱ्याने आणि पावलांनी हादरे. अचूक मोजमापाला तो निरुपयोगी होता. फादर सेक्की यांनी महाविद्यालयाला लागूनच असलेल्या संत इग्नाशिअस यांच्या भव्य चर्चकडे लक्ष वळविले. या चर्चवर प्रचंड घुमट बांधण्याचा मूळ बेत होता. त्यासाठी भक्कम खांबही उभारले गेले होते. पण घुमट कधी बांधलाच गेला नाही. त्याऐवजी सतराव्या शतकात आंद्रेआ पोत्सो या येशूसंघीय चित्रकाराने आतून कापडावर घुमटाचे असे चित्र रंगविले, की खाली उभ्या राहणाऱ्याला तो खराच वाटावा.

घुमटाचा भार पेलण्यासाठी बांधलेल्या त्या खांबांवर फादर सेक्की यांनी वेधशाळा उभी केली. जर्मनीतील मर्त्स यांच्या कारखान्यातून २४ सेंटीमीटर व्यासाच्या भिंगाची उत्तम दुर्बीण मागविण्यात आली. १८५४ पासून ती कामाला लागली. खाली श्रद्धावंत मिस्साबलिदानात सहभागी होत आणि त्याच वास्तूच्या माथ्यावरून एक धर्मगुरू ताऱ्यांचा वेध घेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २४ सेंटीमीटर व्यासाची दुर्बीण त्या काळी मोठ्या संस्थेलाच परवडे. आज तितक्या व्यासाच्या आरशाची दुर्बीण हौशी आकाशनिरीक्षकांच्या अंगणात आणि गच्चीवर आढळते. फादर सेक्की यांनी जे पाहिले, त्यातील बरेचसे आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे.

डोळ्यांना दिसणारा रंग

ताऱ्यांचे रंग नोंदविण्याचे काम याच वेधशाळेत आधी सुरू झाले होते. फादर बेनेदेत्तो सेस्तिनी या येशूसंघीयांनी एका प्रसिद्ध तारासूचीतील तारे एकेक करून दुर्बिणीतून पाहिले आणि त्यांच्या रंगांची यादी १८४५ व १८४७ साली प्रसिद्ध केली. १८४८ च्या हद्दपारीत तेही जॉर्जटाऊनला गेले. त्यांचे काम मोलाचे होते; परंतु त्यात एक अडचण होती आणि ती त्यांच्या परिश्रमाची नव्हे, तर माणसाच्या डोळ्याची होती.

अंधूक प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. म्हणूनच मंद तारे सारे करडे-पांढरे दिसतात. दुर्बीण प्रकाश गोळा करून हा दोष बराच कमी करते, पण भिंगाच्या दुर्बिणीला स्वतःचीही थोडी रंगछटा असते. तारा क्षितिजाजवळ असला, की हवेच्या जाड थरामुळे तो आहे त्याहून तांबडा दिसतो. दोन तारे जवळजवळ असले, तर एकाच्या रंगामुळे दुसऱ्याचा रंग बदलल्याचा भास होतो. पिवळ्या ताऱ्याशेजारचा पांढरा तारा निळा वाटतो; ज्येष्ठाच्या तांबड्या प्रकाशालगतचा त्याचा लहान सोबती अनेकांना हिरवट दिसतो. शिवाय वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते, ते निराळेच. त्यामुळे एकाच ताऱ्याला एक निरीक्षक केशरी म्हणे, तर दुसरा पिवळा. ताऱ्याचा रंग खरा होता. पण साक्षीदार भरवशाचा नव्हता.

लोलकातून पाहिलेले आकाश

येथे फादर सेक्की यांचे मूळचे भौतिकशास्त्र उपयोगी पडले. सूर्याचा प्रकाश काचेच्या लोलकातून नेला, की इंद्रधनुष्यासारखा सप्तरंगी पट्टा मिळतो, हे न्यूटनपासून ठाऊक होते. या पट्ट्यात असंख्य बारीक काळ्या रेषा आहेत, हे जर्मनीतील फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास दाखविले. १८५९ साली किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी या रेषांचे गूढ उकलले. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. सोडियमच्या वेगळ्या, लोहाच्या वेगळ्या, हायड्रोजनच्या वेगळ्या. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा त्याचाच, तशा या रेषा त्या त्या द्रव्याच्याच.

याचा अर्थ फार मोठा होता. ताऱ्यावर न जाता, त्याच्या प्रकाशावरून, तो कशाचा बनला आहे हे सांगता येणार होते. १८६० नंतर इटलीत दोनाती, इंग्लंडमध्ये हगिन्स आणि अमेरिकेत रदरफर्ड यांनी या दिशेने काम आरंभिले. हगिन्स यांनी मोजके तारे निवडून त्यांचा सखोल अभ्यास केला. फादर सेक्की यांनी वेगळा मार्ग पत्करला. त्यांनी शक्य तितके तारे पाहायचे ठरविले. एका गावातील चार माणसे ओळखून साऱ्या गावाची कल्पना येत नाही. त्यासाठी घरोघरी फिरावे लागते. धर्मग्रामात काम करणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला ही गोष्ट सहज पटेल.

दुर्बिणीला लोलक जोडून त्यांनी चार हजारांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट आपल्या डोळ्यांनी पाहिले. त्या काळी ताऱ्यांच्या वर्णपटाचे छायाचित्र घेण्याची रीत रुळलेली नव्हती. प्रत्येक तारा शोधायचा, त्याचा थरथरता, फिकट पट्टा डोळ्यांत साठवायचा आणि हाताने नोंदवायचा, असे हे काम होते. वर्षानुवर्षे ते चालू राहिले.

रंगांमागचे चार वर्ग

हजारो तारे पाहिल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसून आली. तारे अगणित असले, तरी त्यांच्या वर्णपटांचे प्रकार मोजकेच होते आणि हे प्रकार ताऱ्यांच्या रंगांशी जुळत होते.

पहिल्या वर्गात पांढरे व निळसर तारे आले. व्याध आणि अभिजित हे त्याचे नमुने. त्यांच्या पट्ट्यात हायड्रोजनच्या ठळक रेषा दिसतात. मृगातील राजन्यही याच गटात मोडतो. दुसऱ्या वर्गात पिवळसर तारे होते: ब्रह्महृदय, स्वाती आणि आपला सूर्य. त्यांच्या पट्ट्यात धातूंच्या बारीक रेषांची दाटी असते. तिसऱ्या वर्गात केशरी-तांबडे तारे आले. मृगातील काक्षी आणि वृश्चिकातील ज्येष्ठा हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांच्या पट्ट्यात सुट्या रेषांऐवजी रुंद पट्टे दिसतात, जणू एखाद्या देवळाच्या खांबांची ओळ.

१८६८ साली फादर सेक्की यांनी चौथा वर्ग वेगळा काढला. हे तारे गडद लाल आणि बहुधा मंद असतात. त्यांच्या पट्ट्यातील खुणा कार्बनच्या असल्याचे त्यांनी ओळखले. श्यामशबल या तारकासमूहातील अशाच एका ताऱ्याच्या वर्णपटाने ते इतके मोहून गेले, की त्यांनी त्याला ला सुपेर्बा, म्हणजे वैभवशालिनी, असे नाव दिले. हे नाव आजही प्रचलित आहे. पुढे पाचवा वर्गही त्यांनी जोडला. त्यातील ताऱ्यांच्या पट्ट्यात काळ्या नव्हे, तर चकाकत्या रेषा असतात. शर्मिष्ठेच्या मधल्या ताऱ्यात अशा रेषा त्यांनी १८६६ मध्येच पाहिल्या होत्या.

काही वर्गांचा संबंध ताऱ्याच्या तापमानाशी असतो, हे आज आपण निश्चितपणे सांगू शकतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापू लागले, की आधी ते तांबडे होते, मग केशरी, मग पिवळे आणि अखेर पांढरेशुभ्र. ताऱ्यांचेही तसेच आहे. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,३०० अंश सेल्सिअस आहे, सूर्याचे सुमारे ५,५०० अंश, व्याधाचे ९,००० अंशांहून अधिक आणि राजन्याचे ११,००० अंशांच्याही वर. डोळ्यांना शीतल भासणारा निळसर तारा अधिक तप्त आणि आगीसारखा दिसणारा तांबडा तारा त्या मानाने थंड, असा हा उलटा न्याय आहे.

तापमान बदलले, की वर्णपटातील रेषा नेमक्या का व कशा बदलतात, याचे गणित १९२० साली एका भारतीयाने मांडले. कोलकात्यातील तरुण शास्त्रज्ञ मेघनाद साहा हे ते भारतीय होत. रोममधील धर्मगुरूने ज्या खुणांची वर्गवारी केली होती, त्यांचे मर्म साहा यांच्या समीकरणाने उलगडले.

सूर्य, सागर आणि हवामान

फादर सेक्की यांची रात्र ताऱ्यांसाठी होती, तर दिवस इतर अनेक कामांसाठी. सूर्य हा त्यांचा आवडता विषय. १८६० च्या जुलै महिन्यात खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी ते स्पेनला गेले. ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या लाल ज्वाळा खरोखर सूर्याच्या आहेत की तो केवळ भास आहे, असा वाद होता. फादर सेक्की यांनी आणि इंग्लंडच्या वॉरन दे ला रू यांनी स्पेनमधील वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेली छायाचित्रे ताडून पाहता या ज्वाळा सूर्याच्याच असल्याचे सिद्ध झाले.

ऑगस्ट १८६८ मधील खग्रास ग्रहण आपल्या देशातून दिसले. फ्रान्सचे जान्सेन यांनी गुंटूर येथून आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी जमखंडी येथून त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ग्रहण नसतानाही या ज्वाळा वर्णपटाच्या साहाय्याने पाहता येतील, हे जान्सेन यांच्या ध्यानी आले. त्यानंतर फादर सेक्की यांनी रोममधून या ज्वाळांचे नियमित निरीक्षण सुरू केले. १८७० साली पॅरिस येथे प्रसिद्ध झालेला त्यांचा सूर्यावरील ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

हवामानाच्या नोंदी आपोआप कागदावर उमटविणारे एक यंत्र त्यांनी तयार केले. तापमान, वायुभार, वारा आणि पाऊस या साऱ्यांची नोंद ते एकत्र घेई. १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात या यंत्राचा मोठा गौरव झाला.

सागराशी संबंधित त्यांचे एक काम तर कमालीचे साधे आहे. एप्रिल १८६५ मध्ये पोप महोदयांच्या एका जहाजावरून त्यांनी भूमध्य समुद्रात दोरीला बांधलेली पांढरी तबकडी खाली सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे मोजले. पाण्याची पारदर्शकता मोजण्याची ही रीत आजही जगभरचे सागरशास्त्रज्ञ वापरतात आणि त्या तबकडीला सेक्की यांचेच नाव आहे.

कसोटीचा काळ

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या राजाचे सैन्य रोममध्ये शिरले आणि पोप महोदयांचे राज्य संपुष्टात आले. नववे पायस व्हॅटिकनमध्ये स्वतःला कोंडून घेतल्यासारखे राहू लागले. रोम ही नव्या इटलीची राजधानी झाली.

बावन्न वर्षांच्या फादर सेक्की यांच्यापुढे आता अवघड प्रश्न उभा ठाकला. नव्या सरकारला त्यांची कीर्ती हवी होती. विद्यापीठातील अध्यासन आणि इतर मानाची पदे त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. परंतु सरकारी पद म्हणजे नव्या सत्तेशी निष्ठेची शपथ. आणि ज्या पोप महोदयांच्या आज्ञेत राहण्याचे व्रत आपण घेतले, त्यांचे राज्य ज्यांनी घेतले त्यांची शपथ कशी वाहायची? उलट नकार द्यावा, तर वीस वर्षे ज्या दुर्बिणीशी आयुष्य बांधले, तीच हातची जाणार. वर्णपटांची नोंद अपुरी होती. पुस्तके लिहून व्हायची होती.

फादर सेक्की यांनी पोप महोदयांची साथ सोडली नाही. १८७२ साली मीटर या मापाच्या आंतरराष्ट्रीय आयोगात ते पॅरिस येथे पोप महोदयांचे प्रतिनिधी म्हणूनच गेले. १८७३ साली नव्या कायद्यानुसार धर्मसंघांच्या मालमत्ता सरकारजमा होऊ लागल्या. कोलेजिओ रोमानो येशूसंघाच्या हातून गेले. वेधशाळाही सरकारी मालकीची ठरविण्यात आली. फादर सेक्की यांनी याला ठाम विरोध केला. अखेर सरकारने त्यांना मोजक्या सहकाऱ्यांसह चर्चच्या छपरावर काम करू दिले. त्यांचे शास्त्रीय वजन एवढे होते, की त्यांना बाहेर काढल्यास जगात नाचक्की झाली असती. आणि सरकारनेही ताणून धरले नाही, हे त्याच्या शहाणपणाचे म्हणावे लागेल.

याच कडवट वर्षांतली दुसरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १८७१ साली इटलीतील वर्णपट-अभ्यासकांची संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत एकीकडे पोप महोदयांशी एकनिष्ठ असलेले फादर सेक्की होते आणि दुसरीकडे नव्या इटलीच्या सेवेत असलेले पालेर्मो येथील पिएत्रो ताक्किनी. दोघांनी ठरवून, रोज एकाच वेळी, सूर्याचे निरीक्षण केले आणि आपल्या नोंदी एकमेकांना कळविल्या. राजकारणाने दोन तटांवर उभ्या केलेल्या माणसांना एकाच प्रकाशाच्या अभ्यासाने जोडून ठेवले.

हेच ताक्किनी डिसेंबर १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी बंगालमध्ये आले. तेथे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे येशूसंघीय फादर युजीन लाफाँ त्यांना येऊन मिळाले. पुढील वर्षी त्या महाविद्यालयात वेधशाळा उभी राहिली. रोममधील छपरावरून निघालेली एक ज्योत अशी भारतातही पोहोचली.

अखेर आणि वारसा

१८७७ साली फादर सेक्की यांचा ताऱ्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोवर पोटाच्या दुर्धर आजाराने त्यांना ग्रासले होते. ७ फेब्रुवारी १८७८ रोजी नववे पायस यांचे निधन झाले आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, फादर सेक्की यांनीही इहलोकीची यात्रा संपविली. पुढच्याच वर्षी सरकारने वेधशाळा पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतली. तिची सूत्रे ताक्किनी यांच्याकडे आली.

फादर सेक्की यांची वर्गवारी जशीच्या तशी टिकली नाही. शास्त्रात तसे होणे स्वाभाविकच आहे. छायाचित्रांचे तंत्र आल्यावर अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत अधिक बारीक वर्गवारी तयार झाली. ॲनी कॅनन या विदुषींनी तेथे दोन लाखांहून अधिक ताऱ्यांचे वर्गीकरण केले. तरीही पाया तोच राहिला: ताऱ्यांचा प्रकाश वाचायचा आणि त्यावरून त्यांचे कूळ ओळखायचे. चंद्रावरील एका विवराला सेक्की यांचे नाव आहे.

रोममधील वेधशाळा गेल्यानंतर बारा वर्षांनी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी व्हॅटिकन वेधशाळेची नव्याने स्थापना केली. १९३० नंतरच्या दशकात ती कास्तेल गांदोल्फो येथे हलविण्यात आली. तिचा कारभार येशूसंघाकडे आहे. २०२५ साली येशूसंघाच्या गोवा प्रांतातील फादर रिचर्ड डिसोझा यांची तिच्या संचालकपदी नेमणूक झाली, ही आपणा सर्वांना आनंद देणारी गोष्ट आहे.

आपल्या अंगणातून

फादर सेक्की यांचे जीवन वाचून थांबू नये. त्यांनी पाहिलेले रंग स्वतः पाहावेत. सहा ते दहा सेंटीमीटर व्यासाची साधी दुर्बीणही पुरते. तारा डोक्यावर उंच आल्यावर पाहावा. नेत्रिका किंचित पुढे-मागे करून तारा थोडा अस्पष्ट करावा. टोकदार ठिपक्याची लहानशी चकती होते आणि रंग अधिक खुलतो. दिवसा सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही रोखू नये. क्षणार्धात दृष्टी जाऊ शकते.

हिवाळ्यात मृगातील काक्षी आणि राजन्य, त्यांच्याजवळच रोहिणी आणि व्याध. एप्रिल-मे महिन्यांत उत्तरेकडे सप्तर्षींच्या शेपटीजवळ नकाशाच्या आधाराने ला सुपेर्बा शोधावी. पावसाळ्यापूर्वी आग्नेयेला ज्येष्ठा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी पश्चिमेच्या बाजूला उंचावर हंस तारकासमूहातील अल्बिरिओ. नुसत्या डोळ्यांना एकच भासणारा हा तारा दुर्बिणीतून दोन होतो: एक सोनेरी, एक निळा. घरातील मुलांना आणि आजी-आजोबांना तो दाखवावा आणि प्रत्येकाने आपल्याला दिसलेला रंग वहीत लिहावा. उत्तरे सारखी येणार नाहीत. कोणी निळा म्हणेल, कोणी पांढरा.

ही तफावत पाहूनच फादर सेक्की पुढे गेले. डोळ्यांना दिसलेल्या रंगाला त्यांनी खोटे ठरविले नाही आणि त्यावर समाधानही मानले नाही. त्या रंगाच्या आत काय आहे, हे त्यांनी धीराने वाचले. आकाशाच्या अभ्यासाने त्यांची श्रद्धा उणावली नाही आणि श्रद्धेने त्यांना दुर्बिणीपासून दूर नेले नाही. आपण रोज भेटणाऱ्या माणसांनाही वरच्या रंगावरून जोखतो. त्यांच्यासाठीही थोडा वेळ थांबायला आपण शिकलो, तर चर्चच्या छपरावर जागून काढलेल्या त्या हजारो रात्री आपल्याही उपयोगी पडल्या असे म्हणता येईल.